मडमच्या पियानोचा सा

जालन्यात एकदा आंतरराष्ट्रीय पियानो स्पर्धा झाली होती असं मी सांगते, तेव्हा माझी नातवंडं एकमेकांकडं बघतात. त्यांना वाटतं, आजीचं वय बोलतंय. बोलू दे. स्पर्धा झाली होती, मी तीत वाजवलं होतं, आणि तिथं जो घोळ झाला त्याला एकच व्यक्ती जबाबदार होती. ती मी.

आमचा मुलूख हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला, त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. मी चौदा वर्षांची होते. शाळेतल्या जुन्या नकाशावर हेडमास्तरांनी पेन्सिलीनं नवी हद्द काढली होती आणि ती रोज थोडी पुसली जायची. सदर बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं घर आणि घराच्या पुढच्या खोलीत आबांचं दुकान. आबा, म्हणजे माझे वडील, पेट्या दुरुस्त करायचे. पेटी म्हणजे गाण्याबजावण्याची, हार्मोनियम. मंठा, अंबड, परतूर इथून भजनी मंडळं बैलगाडीत पेटी घालून आमच्याकडं यायची, कारण आबांच्या कानाला तोड नाही अशी त्यांची ख्याती होती. ती खरी होती. आमचं घर त्या दोन कानांवर चालायचं.

काम असं चालायचं. पेटीच्या पोटात पितळेच्या बारीक पात्या असतात, एकेका सुराची एकेक. पातीचं टोक कानशीनं घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. आबा घासायचे आणि मी शेजारी दुसरी पेटी घेऊन सा धरून बसायचे. पण त्याआधी गिऱ्हाईकाला एक गोष्ट विचारायची असते: तुमचा सा कोणता? प्रत्येक गाणाऱ्याचा सा त्याच्या गळ्याप्रमाणं ठरलेला असतो. तो पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांत मोजायचा: कुणाचा काळी एक, कुणाचा पांढरी दोन. त्या पट्टीवर सा धरून बाकीचे अकरा सूर तंबोऱ्याशी चोख जुळवायचे. मग तोच सा धरून गायलं की पेटी अशी गोड बोलते की विचारू नका. दुसऱ्या पट्टीवर सा धरला, तर तेच सूर तोंड वाकडं करतात. पण दुसऱ्या पट्टीवर गाणार कोण? पेटी ज्याची, सा त्याचा. गिऱ्हाईकाला हे विचारून यायचं काम माझ्याकडं होतं, आणि त्याचा मला भारी तोरा होता. गल्लीतल्या बाकीच्या मुली पाणी भरायच्या. पाणी मीही भरायचे, पण मला वर हे काम होतं.

आता मडमबद्दल. स्टेशनच्या रस्त्याला एका बंगल्यात एक परदेशी बाई कैक वर्षं राहत होत्या. मुलींच्या शाळेत इंग्रजी आणि शिवण शिकवायच्या. सगळं गाव त्यांना मडम म्हणायचं. मराठी त्या पुस्तकातून शिकलेल्या, त्यामुळं टांगेवाल्यालाही ‘आपण जरा हळू चालवाल का’ म्हणायच्या आणि टांगेवाला लाजून घोडा थांबवायचाच. त्यांच्या दिवाणखान्यात काळा पियानो होता. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी मालगाडीनं आलेला.

मडमना एकच वेड होतं, नव्या संगीताचं. त्यांच्या देशात म्हणे अशा स्पर्धा होतात की जुनं काही वाजवायचंच नाही. आत्ताच्या माणसानं आत्ता रचलेलंच वाजवायचं. त्यांचा एक भाचा असलं नवं संगीत रचायचा. तो बोटीनं मुंबईला येणार होता आणि तिथून आठ दिवस जालन्याला. मडमनी ठरवलं, भाचा परीक्षक, आपला पियानो, आणि होऊन जाऊ द्या. अट एकच: कुणी कधी न ऐकलेलं वाजवायचं. पहिल्या नंबराला बक्षीस म्हणजे वर्षभर आठवड्यातून दोनदा मडमकडं पियानो शिकायचा. हे ऐकल्यापासून माझं जेवणात लक्ष लागेना.

‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द हेडमास्तरांचा. पांढऱ्या मांजरपाटाच्या कापडावर त्यांनी स्वतः निळ्या अक्षरांत तो रंगवला. कुणी शंका काढली तर ते बोटं मोजून दाखवायचे. परीक्षक परदेशी. पहिले स्पर्धक रेल्वेचे गार्डसाहेब, ते जन्मानं गोव्याचे, म्हणजे पोर्तुगालचे. दुसरे कापसाच्या जिनिंगचे पारशी मॅनेजर, ते चार वर्षं रंगूनला राहिलेले. तिसऱ्या दवाखान्यातल्या नर्सबाई, त्या सिलोनच्या.

“आणि मी?” मी विचारलं.

“तू यजमान राष्ट्र,” हेडमास्तर म्हणाले.

एक अडचण होती. पियानो पार बेसूर झाला होता. पूर्वी हैदराबादेहून एक म्हातारा दरसाल येऊन सूर लावून जायचा, तो आता येत नव्हता. मडम मुंबईला भाच्याला आणायला निघाल्या त्याच्या तीन दिवस आधी हेडमास्तर आमच्या दुकानात आले आणि आबांना म्हणाले, “आपल्याशिवाय हे कोण करणार?”

आबांनी पियानो बाहेरून पाहिला होता, आतून कधीच नाही. पण सूर तो सूर. “बघतो,” म्हणाले. हेडमास्तरांनी तेवढ्या एका शब्दावर दुसऱ्या दिवशी हस्तपत्रकं छापायला टाकली. त्यात खाली ठळक अक्षरांत होतं, ‘वाद्याची सूरजुळणी जालन्याच्या सुप्रसिद्ध पेटीवाल्यांच्या हस्ते.’ आबांचं पूर्ण नाव, गल्लीसकट.

आईनं पत्रक उलटंसुलटं करून पाहिलं. “पेटी बिघडली तर एक मंडळ बोंब मारंल,” ती म्हणाली. “हे बिघडलं तर समदं जालना मारंल. मंग पेटी घेऊन कोण येनार हाय आपल्या दारात?”

“न्हाई बिघडत,” आबा म्हणाले आणि माझ्याकडं वळले. “जा जल्दी. मडमला विचारून ये, सा कोणता.”

मी पळत बंगल्यावर गेले. मडम टांग्यात बसलेल्या होत्या, मांडीवर करंडी, गाडीची वेळ झालेली. मी दम खात विचारलं, “मडम, आबांनी इचारलंय, तुमचा सा कोणता?”

मडम हसल्या. “माझा सा? सगळे, बाळ. पियानोला सगळेच सा सारखे. तसं लावायला सांगा त्यांना.” आणि टांगा निघाला.

मी रस्त्यात उभी. सगळे? सगळे सा कुणाचे असतात का? एवढ्या वर्षांत एकाही गिऱ्हाईकानं असं उत्तर दिलं नव्हतं. मग माझ्या हुशार डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडं पाहुण्याला जेवायला काय करू विचारलं, तर तो कधी सांगतो का? ‘काहीबी चालंल’ म्हणतो. तसं म्हणायची रीतच आहे. मग आपण आपल्या मनानं करतो आणि पाहुणा बोटं चाटत खातो. मडम सभ्य बाई, त्यांनीही रीत पाळली, असं मी धरून चालले.

आपल्या मनानं करायचं, तर माझं मन कुठं होतं हे सांगायला नको. माझा स्वतःचा सा काळी चार. मी स्पर्धेसाठी रचत होते ती चालही काळी चारमधली. घरी येऊन मी आबांना सांगितलं, “काळी चार.”

आबांनी भुवया वर केल्या. “मडमचा आवाज एवढा चढतो व्हय?” मग स्वतःशीच म्हणाले, “बाईमाणूस हाय. चढत असंल.”

त्यानंतरचे बारा दिवस माझ्या आयुष्यातल्या फार सुखाच्या दिवसांपैकी आहेत. आबांनी पियानोचं पुढचं फळकूट काढलं आणि आत डोकं घालून तारा मोजायला लागले. एका सुराला तीन तीन तारा! अशा दोनशेच्या वर तारा, आणि प्रत्येकीची वेगळी खुंटी. आबांनी लोहाराकडून चौकोनी भोकाची किल्ली घडवून आणली. दोन तारा गप्प बसवून तिसरी जुळवायला जुन्या टायरच्या पाचरा कापल्या. एका कीर्तनकाराचा तंबोरा मागून आणला. सकाळी आम्ही बापलेक बंगल्यावर जायचो आणि दिवस मावळायच्या आत परत. आबा किल्ली फिरवायचे, मी पट्टी दाबायचे. एक एक सूर तंबोऱ्यात असा मिसळून जायचा की आबा डोळे मिटून म्हणायचे, “आता बराबर.”

मधल्या वेळात मी वाजवायचे. पहिल्या दिवशी बसले ती उजवा हात पट्ट्यांवर ठेवून, आणि डावा हात मागं भाता शोधतोय. पियानोला भाता नसतो हे माझ्या डोक्याला कळलं होतं, हाताला नाही. आबा इतके हसले की पाचर खाली पडली. मग या बेकार डाव्या हाताला मी काम लावलं. आमच्या गल्लीपलीकडं कापसाचं जिनिंग होतं, त्याचा पट्टा दिवसभर एका चालीत खटखटायचा. ती चाल डाव्या हाताला दिली, आणि उजव्या हाताला सरकी वेचणाऱ्या बायका एकमेकींना हाका मारतात तशा हाका. असली गोष्ट कुणी वाजवली नव्हती याची मला खात्री होती. आणि काळी चारपासून ती अशी गोड लागायची की बक्षीस आपलंच, हे मी मनात ठरवूनही टाकलं होतं. काळी चार सोडून दुसऱ्या पट्टीवर हात ठेवून बघावं, हे ना मला सुचलं ना आबांना. कशाला सुचेल?

स्पर्धेच्या दिवशी मडम आणि त्यांचा भाचा सकाळच्या गाडीनं येणार होते. ती चार तास उशिरा आली. तोवर बंगल्याच्या आवारात निम्मं गाव जमलं होतं. पियानो खिडकीशी सरकवून खिडक्या सताड उघडल्या होत्या. जिनिंगचे कामगार, स्टेशनचे हमाल, वकील, दुकानदार, सगळे सतरंज्यांवर. बायका एका अंगाला, त्यांत आई आणि मी. आबा मागं कडुलिंबाच्या झाडाखाली, धुतलेला सदरा घालून उभे. मडमना पियानोचं झाकण उघडून बघायलाही फुरसत मिळाली नाही. हार झाले, चहा झाला, हेडमास्तरांचं भाषण झालं, आणि गार्डसाहेबांची मालगाडी संध्याकाळी सुटायची म्हणून त्यांचा नंबर पहिला लागला.

गार्डसाहेब गणवेशातच बसले. त्यांनी रेल्वेवर काहीतरी रचलं होतं. दोन्ही हात पांढरी एकवर टाकले.

आमच्याकडं ज्याला पेटीनं तोंड वाकडं करणं म्हणतात, ते इथं दोनशे तारांनी एकदम केलं. गार्डसाहेबांनी दचकून हात उचलला, परत टाकला. पुन्हा तेच. बिचाऱ्याला वाटलं असेल आपली बोटं चुकतायत. घाम पुसत, हट्टानं, ते पुढं वाजवत राहिले. मधेच त्यांची चाल दुसऱ्या पट्टीवर उडी मारायची आणि तिथं आणखी भयंकर व्हायचं. तेव्हा मला समजलं. या वाद्यावरची माणसं एका गाण्यात चार घरं फिरतात. ‘सगळे सा’ म्हणजे खरोखरच सगळे सा. मडम रीत पाळत नव्हत्या, उत्तर देत होत्या.

आणि लोक? लोक खूश! आधुनिक संगीत म्हणजे काय ते आज पहिल्यांदाच ऐकायला आले होते, आणि ते असंच असणार ही त्यांची तयारी होती. हेडमास्तर मान डोलवत शेजाऱ्याला म्हणाले, “हेच ते आधुनिक!” एक हमाल ओरडला, “वा! क्या बात है!” गार्डसाहेबांनी शेवटची पट्टी दाबली तेव्हा टाळ्यांनी लिंबावरचे कावळे उडाले. लिंबाखाली दोनतीन जणांनी आबांच्या पाठीवर थापा मारल्या. “काय सूर लावून दिलाय राव!”

आबांचा चेहरा मात्र मी पाहिला. ज्या अर्थी मला ऐकू आलं, त्या अर्थी त्यांना माझ्या आधी ऐकू आलं होतं. मडम पांढऱ्याफटक पडल्या होत्या, पण त्या काही बोलल्या नसत्या. पाहुण्यांसमोर कुणाला खाली बघायला लावण्यातल्या त्या नव्हत्या. म्हणजे सगळं झाकलं जाणार होतं. आबांची अब्रू शाबूत, पत्रकावरचं नाव शाबूत, आणि माझं खोटं जमिनीत गाडलेलं. मी देवाला हात जोडले, एवढं असंच राहू दे म्हणून. ही गोष्ट सांगायला मला आजही लाज वाटते.

आबांनी चपला काढल्या. सतरंज्यांमधून वाट काढत ते व्हरांड्याच्या पायऱ्या चढले आणि सगळ्यांकडं तोंड करून हात जोडले.

“जरा थांबा. सूर चुकलाय. गार्डसाहेबाची चूक न्हाई. माझ्या हातानं चुकलाय.”

हेडमास्तर धावत त्यांच्या कानाशी गेले. कुजबुजले, पण त्यांची कुजबूजही वर्गाला ऐकू जाईल एवढी असायची. “अहो, बसा खाली! लोकांना काही कळलेलं नाही!”

“मला कळलं की, मास्तर,” आबा म्हणाले.

आबा एकटे वर उभे आणि निम्मं जालना त्यांच्याकडं बघतंय. माझे पाय कधी उठले मला ठाऊक नाही. आईनं पदर ओढला तो सुटला. मी सतरंजीवरूनच ओरडले, “आबांची चूक न्हाई! आबांनी मला मडमला इचारायला धाडलं व्हतं. मडमनी सगळे सा सांगितले व्हते. मी आबांना काळी चार सांगितलं!” आणि कुणी विचारलं नसताना पुढं म्हणाले, “माझा सा काळी चार हाय!”

मग मडम हसायला लागल्या. आधी तोंडावर हात ठेवून, मग हात काढून, मग डोळे पुसत. भाच्यानं त्यांची बाही ओढून विचारलं, काय झालं. त्यांनी सांगितलं. तो लंबूटांग तरुण ताडकन उठला, पियानोशी गेला आणि उभ्यानंच काळी चार दाबली. तिच्यावरून एक एक सूर चढवत नेला, गोड, चोख. मग एक घर सरकला, मग आणखी एक, आणि पियानो हळूहळू आंबट होत गेला. आता मात्र साऱ्या आवाराला ऐकू आलं. लोक ‘अरे!’ म्हणाले. तो परत काळी चारवर आला. लोक ‘हां!’ म्हणाले. त्यानं तीनदा तसं केलं आणि तिन्हीदा लोक त्याच्या बरोबर गेले आणि आले. मग तो मडमशी भरभर काहीतरी बोलला.

मडम उठून म्हणाल्या, “परीक्षकांचं म्हणणं आहे, स्पर्धा पुढे चालू ठेवावी. आपली अट एकच होती, कोणी न ऐकलेलं. हा असा पियानो जगात कोणीच ऐकलेला नाही. गार्डसाहेब, आपण पुन्हा वाजवाल का?”

गार्डसाहेब बाह्या सारून बसले. या वेळी त्यांनी आधी दहा मिनिटं घरं तपासली, कुठलं गोड, कुठलं कडू. आणि मग त्यांची मालगाडी काळी चारच्या स्टेशनातून सुटली. आंबट मुलखातून धडधडत, ब्रेक कुरकुरवत, कुठल्या तरी अंधाऱ्या पुलावरून गेली, आणि शेवटी घरी आली तेव्हा हमालांनी उभं राहून टाळ्या पिटल्या. ते खरं नवं होतं. मलाही कळलं. मॅनेजरसाहेबांनी आणि नर्सबाईंनीही मग तसेच कडूगोड धुंडाळत वाजवलं, आणि पारशीबाबा एका विशेष कडू पट्टीवर इतके खूश झाले की तिच्यावरून उठेचनात.

मी शेवटी वाजवलं. जिनिंगची चाल सुरू झाली आणि कामगारांनी मांडीवर ठेका धरला. गोड झालं. पण निकाल सांगताना मडम मला सरळ म्हणाल्या, “तुमचं फार सुरेख होतं. पण तुम्हाला पियानोनं मदत केली, बाळ. त्यांना केली नाही.” खरं बोलल्या. मी मान हलवली आणि नाक पुसलं.

पहिला नंबर गार्डसाहेबांचा. त्यांनी हार घालून घेतला, दोन पावलं चालले, आणि तोच हार काढून आबांच्या गळ्यात घातला. “आधा इनका है!” म्हणाले. आबा हार काढू बघतायत, गार्डसाहेब तो पुन्हा घालतायत, आणि सगळं आवार हसतंय. आबांना हसावं की तोंड लपवावं कळेना. शेवटी इंजिनाची शिट्टी ऐकू आली आणि गार्डसाहेब टोपी धरून स्टेशनकडं पळाले.

दुसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक आलं तेव्हा त्यांनी कानस खाली ठेवली, स्वतः उठून पायरीवर आले आणि विचारलं, “सा कोणता?” तिसऱ्या दिवशीही तसंच. मला कुणी रागावलं नाही, मारलं नाही. माझं काम फक्त माझ्याकडं राहिलं नव्हतं. पियानो शिकायची संधी गेली त्याचं मला एवढं वाटलं नाही जेवढं याचं वाटलं. मी पाणी भरत होते आणि रडत होते.

आबा एकटेच बंगल्यावर जाऊ लागले. मडमनी त्यांना शेजारी बसवून ‘सगळे सा’ कसे लावतात ते दाखवलं. आबा घरी येऊन आईला सांगायचे, आणि मी चुलीपाशी बसून ऐकायचे. “बारा सूर हायत. एकाला चोख ठेवला की दुसऱ्याच्या डोक्यावर ओझं. मंग समद्यांनी थोडं थोडं सोसायचं, म्हंजे कोना एकट्यावर येत न्हाई.” एवढ्या वयात नवं शिकायला मिळालं म्हणून त्यांच्या तोंडावर जे तेज आलं होतं ते मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

आणि दुकान? आईची भीती फोल ठरली. लोक हसत हसत पेट्या घेऊन यायचे. “आमची पेटी मडमवानी करू नगा बरं का!” म्हणायचे, पण आणायचे. ज्या माणसाला टाळ्या पडत असताना स्वतःची चूक ऐकू येते, त्याच्याकडं पेटी द्यायला कुणाला भीती वाटेल?

पंधराएक दिवसांनी मंठ्याचं एक भजनी मंडळ आलं. आबा आत एक पेटी उघडून बसले होते. त्यांनी मान वर न करता म्हटलं, “जा. इचार.”

मी पायरीवर गेले. बुवा म्हणाले काळी एक. त्यांच्या मागचे दोघे म्हणाले, पांढरी तीन, आम्ही पांढरी तीनलाच गाऊन राह्यलो. बुवा म्हणाले, मंडळ माझं का तुमचं? मी त्यांना तिथंच पायरीवर गायला लावलं. तिघं भर बाजारात टाळ्या वाजवत गायले, आधी एकात, मग दुसऱ्यात. चार पोरं आणि एक म्हैस ऐकायला थांबली. मी नीट ऐकलं, आत गेले आणि एका दमात सांगितलं, “बुवांचा काळी एक. मागच्या दोघांचा पांढरी तीन. दोघांना काळी एक खाली पडतंय, आवाज बुडतोय. पण बुवा म्हणतात काळी एकच लावा. मी माझं काहीबी घातलं न्हाई.”

आबांनी माझ्याकडं पाहिलं. “बराबर,” म्हणाले, कानस उचलली आणि पहिल्या पातीवर टेकवली. बाहेर जाऊन पुन्हा विचारलं नाही. मी दुसरी पेटी पुढं ओढली, काळी एक दाबून धरली, आणि मला असं हसू फुटलं की हातातून भाता दोनदा निसटला.